विलायती कोळसा

माझी आई जवळजवळ आयुष्यभर माझ्या हातचं पाणी प्याली नाही. हे ऐकलं की माझ्या नातसुना माझ्याकडं अशा बघतात, की मी तरुणपणी कोणाचा खूनबिन केला होता की काय! खून नाही, चोरी नाही, घर सोडून पळून जाणं नाही. मी परकर नेसणारी पोर होते, ठाण्याला आमच्या घरात पिण्याचं पाणी गाळायचं काम माझ्याकडं होतं आणि ते मी मन लावून करत असे. एवढाच काय तो माझा गुन्हा. बाकीचं सगळं मोठ्या माणसांनी केलं. त्यांतलं आता कोणी हयात नाही, म्हणून मी हे लिहायला मोकळी आहे.

आता नळ फिरवला की पाणी येतं आणि तरी सुना कुरकुरतात. तेव्हा ठाण्यात पाणी हा दिवसभराचा उद्योग होता. आमच्या आळीची सामाईक विहीर खाडीपासून फार लांब नव्हती, त्यामुळं तिचं पाणी मचूळ. त्या पाण्यात तुरीची डाळ घातली तर दुपारपर्यंत रटरटूनही दाणा फुटायचा नाही आणि आमटी म्हणून जे पानात पडे त्यात वर पिवळं पाणी, खाली डाळ. म्हणून विहिरीचं पाणी धुण्याभांड्याला आणि पिण्याचं, स्वयंपाकाचं पाणी मासुंद्या तळ्याचं. आई पहाटे आंघोळ करून, सोवळं नेसून तळ्यावर जाई आणि दोन घागरी घेऊन येई. तिच्या ओल्या पावलांचा चपचप आवाज अंगणात ऐकला की मी जागी होत असे. तळ्यावर एका अंगाला माणसं पाणी भरत, दुसऱ्या अंगाला म्हशी डुंबत, आणि उन्हाळ्यात वर हिरवी साय धरे. आई घागरीवर जुन्या धोतराचं फडकं चौघडी करून बांधी, पाणी त्यातून ओती, मग पाण्यात तुरटीचा खडा फिरवी. पावसाळ्यात पाणी फारच गढूळ आलं तर निवळीची बी सहाणेवर उगाळून घागरीत सोडी. संध्याकाळपर्यंत गाळ तळाशी बसे. वरचं पाणी ती हलक्या हातानं दुसऱ्या घागरीत काढी, त्यात वाळ्याची जुडी टाकी. त्या पाण्याचा वास माझ्या नाकात अजून आहे. आईच्या मते ह्याहून शुद्ध पाणी स्वर्गातही मिळायचं नाही.

तात्यांचं मत निराळं होतं. तात्या म्हणजे माझे वडील. ते कलेक्टरकचेरीत कारकून होते, इंग्रजी वाचत, वाचनालयात उभं राहून भाषणं करत. बोलायला उठले की आधी दोनदा खाकरत, उपरणं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेत आणि मग गंगा वाहू लागे. त्यांच्या भाषणाला आळीतली माणसं जात आणि घरी येऊन पूर्वीसारखीच वागत, तरी त्यांचा मान होता. मला त्यांचं फार वेड. मला घरी त्यांनीच लिहायवाचायला शिकवलं. आईला ते आवडत नसे, पण नवऱ्यापुढं बोलण्याची तिची पद्धत नव्हती. संध्याकाळी कचेरीतून आले की ते ओसरीवर बसत आणि मी पाटी घेऊन त्यांच्यासमोर. व्याकरण हा त्यांचा जीव की प्राण. "यमू, 'आहे' आणि 'असेल' ह्यांत फरक काय?" मी म्हणायची, "'आहे' म्हणजे नक्की. 'असेल' म्हणजे बोलणाऱ्याला नक्की ठाऊक नाही." "शाब्बास," म्हणून ते माझ्या पाठीवर थाप मारत. ती थाप मिळावी म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं.

माझ्या पाठचा भाऊ गोपाळ पटकीच्या साथीत गेला. सकाळी तो माझ्याशी आवळ्यांवरून भांडला आणि दिवेलागणीला त्याला अंगणात आणून ठेवलं होतं, ह्यापलीकडं मी त्याबद्दल लिहीत नाही. आई म्हणाली, दृष्ट लागली. आळी म्हणाली, देवीचा कोप. तात्या म्हणाले, पाणी. त्या दिवसापासून त्यांना पाण्यानं जणू झपाटलंच. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन ते उन्हात धरत आणि मला दाखवत. "डोळ्यांना स्वच्छ दिसलं म्हणजे स्वच्छ झालं, असं नव्हे. तुझ्या आईच्या फडक्यातून काडीकचरा अडतो, माणूस मारणारं जे असतं ते अडत नाही." मी डोळे ताणून पेल्यात बघे. मला काही दिसत नसे, पण तात्यांना दिसतंय म्हणजे असणारच, ह्याची मला खात्री असे.

मग एका रविवारी ते मुंबईहून गाळणं घेऊन आले. हमालाच्या डोक्यावर पेंढ्यात गुंडाळलेला चिनी मातीचा मोठा बुधला, पिवळसर रंगाचा, वर निळी वेलबुट्टी, खाली पितळेची तोटी. आत दोन खण. वरच्या खणात पाणी ओतायचं, मध्ये जाळीवर काळ्या भरड भुकटीचा थर, त्यातून ठिबकत पाणी खालच्या खणात उतरायचं. आळीतल्या बायका बघायला जमल्या. आईनं पदर नाकाला लावून बुधल्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि दाराआडून विचारलं, "तोटीत चामडं नाही ना?" हा प्रश्न तेव्हा सगळ्यांचाच असे. नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते म्हणून मुंबईतले किती तरी लोक ते पाणी पीत नसत. तात्यांनी तोटी उघडून दाखवली. आत लाकडी बूच होतं. आईनं ते दोनदा बघितलं. मग तिनं भुकटीकडं बोट दाखवलं. "आणि हे काळं?"

"विलायती कोळसा," तात्या म्हणाले.

"म्हणजे कसला?"

"कोळसा म्हणजे कोळसा. तिकडं निराळी झाडं, निराळी लाकडं. आपला कोळसा भुसभुशीत, हा टणक."

गोपाळचा सदरा अजून दांडीवरच होता, आईनं तो काढला नव्हता. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तिकडून सांगितलं जातंय तर खरंच असणार." आई तात्यांचा उल्लेख 'तिकडून', 'तिकडचं' असाच करी, नवऱ्याचं नाव घेण्याची सोय नव्हती आणि 'ते' म्हणणंही तिला उघडंवाघडं वाटे. तर अशा रीतीनं विलायती कोळसा आमच्या घरात आला, सोवळ्याच्या खोलीत, देवघराच्या भिंतीला लागून बसला आणि थोड्याच दिवसांत देवांची आंघोळही त्याच पाण्यानं होऊ लागली.

गाळण्याचं काम माझ्याकडं आलं, कारण तात्यांनी ते मला नीट शिकवलं होतं आणि लहान मुलीला सोवळ्यात वावरायची हरकत नसे. सकाळी आंघोळ करून, सोवळ्याची लोकरी धाबळी नेसून मी घागरीतलं पाणी वरच्या खणात ओती. तोटीखाली तांब्याचा हंडा ठेवला की टप, टप, टप असा आवाज दिवसभर घरात भरून राही. महिन्याकाठी कोळसा बाहेर काढून गरम पाण्यात चोळायचा, सुपात पसरून कडकडीत उन्हात वाळवायचा, नाही तर तो घाणीनं भरतो आणि उलट तोच पाण्यात घाण सोडतो. हे तात्यांचं वाक्य मला पाठ होतं. आळीतल्या बायका लहान पोरांना ताप आला की आमच्याकडं तांब्या घेऊन येत आणि म्हणत, "यमे, तुझ्या गाळण्यातलं घाल गो थोडं." तुझ्या गाळण्यातलं! मी हवेत चालत असे. दाराशी चुना विकायला येणारी चेंदणी कोळीवाड्यातली कोळीण पारूसुद्धा म्हणे, "काय बाय, पोरीचा थाट!" ती खाडीकाठच्या चुनाभट्टीवरून शिंपल्यांचा ताजा चुना आणी. तो अंगणाच्या कडेला ठेवून, लांबूनच माझ्याकडं बघून हसे.

त्याच सुमाराला माझ्या लग्नाचं घाटत होतं. कल्याणचे लेले म्हणून घर होतं. त्यांच्याकडच्या बायका मला बघून गेल्या होत्या आणि मी त्यांना गाळलेल्या पाण्याचा तांब्या दिला तेव्हा त्यांतली थोरली म्हणाली होती, "पोरीच्या हातचं पाणी गोड लागतं हो." आईनं हे वाक्य नंतर किती जणींना सांगितलं असेल! लेल्यांच्या परसात गोड्या पाण्याची विहीर आहे आणि विहिरीवर कण्हेर आहे, असं मला कळलं होतं. नवरामुलगा मी पाहिलाही नव्हता, पण त्या विहिरीची स्वप्नं पडत. त्या वयात नवरा म्हणजे काय ते कुठं ठाऊक असतं!

पहिला कोळसा झिजला म्हणून तात्यांनी मुंबईहून नवी पुडी मागवली. ती धुताना माझ्या हाताला एक गोटा लागला. बाकीची सगळी भरड सारखी होती, हा एवढा सुपारीएवढा, दळायचा राहिलेला. काळा, एका बाजूनं गुळगुळीत गोल, दुसऱ्या बाजूनं तुटलेला, आणि तुटल्या जागी बारीक बारीक भोकं. लाकूड असं नसतं हे मला कळलं. आळीतली कुत्री खाडीकडून काय काय तोंडात धरून आणत, त्यामुळं ते काय आहे हेही कळलं. मी गोटा मुठीत धरून तात्यांकडं गेले. त्यांनी तो बघितला. आणि आज इतक्या वर्षांनी मला सगळ्यात लख्ख आठवतं ते हे, की त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"हाड आहे ना, तात्या?"

त्यांनी आत आई आहे का ते पाहिलं. मग मला जवळ बसवलं. "होतं. आता कोळसा आहे. जळून कोळसा झाला की लाकूड काय आणि हाड काय, दोन्ही सारखंच. आणि पाणी शुद्ध करायला ह्याच्यासारखं दुसरं नाही. पण तुझ्या आईला हे पटायचं नाही. ती गाळणं फेकून देईल. मग गोपाळ गेला तसं..." त्यांनी गोटा उपरण्याच्या टोकात बांधला. "तू शहाणी आहेस. हे तुझ्यामाझ्यात राहू दे." आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मला शिसारी आली होती, हे खोटं कशाला सांगू? त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण त्या थापेनं शिसारी धुऊन काढली. घरात आईला ठाऊक नाही ते मला ठाऊक होतं. तात्यांनी आपलं गुपित बायकोला नाही, मला दिलं होतं. मी त्या पाण्याकडं बघून रोज मनात म्हणे, हे आईला जगवतंय आणि तिला पत्ताही नाही. किती मोठी झाले होते मी! आज मला त्या पोरीची कीव येते आणि तिला कोणी तरी वेळीच हात धरून उठवायला हवं होतं असं वाटतं.

पितृपक्षात आमच्याकडं आजोबांचं श्राद्ध झालं. आळीतले ब्राह्मण जेवले. बापूजोशी आमचे उपाध्ये, ते पानावर बसले की वडे मोजून घालायची सोय नसे. खीर, वडे, अळूची भाजी, सगळा स्वयंपाक गाळलेल्या पाण्यात. ते पाणी पिऊन बापूजोशी ढेकर देत तात्यांना म्हणाले, "बळवंतराव, पाणी झकास!" त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी विहिरीच्या कट्ट्यावर कोळसा चोळत बसले होते, तेव्हा त्यांची बायको अंबूकाकू धुणं घेऊन आली. "बघू ग तुझा विलायती कोळसा," म्हणून तिनं सुपात हात घातला. आणि नेमका त्या पुडीतला दुसरा गोटा, मी चाळून चाळूनही माझ्या नजरेतून सुटलेला, तिच्या बोटांत आला. हा तर पहिल्याहून मोठा, सांध्याच्या खोबणीसकट. आंधळ्यालाही कळलं असतं. अंबूकाकूनं तो टाकला, हात झटकला आणि असा टाहो फोडला की विहिरीवरची कबुतरं उडाली. "अग बाई, हाड ग! ह्यांनी श्राद्धाला हाडाचं पाणी पाजलं ग!"

दुपारपर्यंत आळीभर झालं. ऊन उतरल्यावर श्राद्धाला जेवलेले सगळे आमच्या ओसरीवर येऊन बसले, कोणी सुपारीलाही हात लावला नाही. गोटा मध्ये एका पत्रावळीवर ठेवला होता. आई आणि मी दाराआड. आईचा चेहरा पांढराफटक. मी मात्र घाबरले नव्हते. मला वाटत होतं, आता बघा. आता तात्या बोलतील. दोनदा खाकरतील, उपरणं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतील आणि ह्या सगळ्यांना समजावून सांगतील, कोळसा म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, गोपाळ कशानं गेला. बापूजोशांचा नातूही त्याच साथीत गेला होता. ते ऐकतील. मनातल्या मनात मी तात्यांचं भाषण म्हणूनही टाकलं होतं.

बापूजोशी म्हणाले, "बळवंतराव, आम्ही तुमच्याकडं पितरांच्या नावानं जेवलो आहोत. हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, एवढंच सांगा. ठाऊक असेल तर आजपासून तुमच्या दारात आमचं पाऊल नाही. लग्नाला नाही, मयताला नाही."

तात्या खाकरले. दोनदा. उपरणं खांद्यावरून काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"विलायती कोळसा लाकडाचाच असतो," ते म्हणाले. "गाळणं यमू सांभाळते. पोर आहे. कोळसा कमी पडला म्हणून चुनाभट्टीवरनं उचलून आणला असेल. तिथं हाडंबिडं पडलेली असतात."

असेल. तात्या 'आणला' म्हणाले नाहीत, 'आणला असेल' म्हणाले. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं, कारण मलाच त्यांनी तो फरक शिकवला होता. पोटच्या पोरीला खड्ड्यात लोटतानाही त्यांनी व्याकरणानं आपला पाय बाहेर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आळीत 'असेल' गळून पडलं आणि 'यमीनं भट्टीवरनं हाडं आणली' एवढंच उरलं.

बापूजोशांनी मला बाहेर बोलावलं. "काय ग यमे? तू आणलास?" मी तात्यांकडं पाहिलं. ते पत्रावळीकडं बघत होते. मला वाटलं, आता मान वर करतील. मी वाट बघत उभी राहिले. 'हे तुझ्यामाझ्यात राहू दे' असं त्यांनी म्हटलं होतं, ते बंधन त्यांनीच सोडवायला हवं होतं ना? त्यांनी मान वर केली नाही. "बघा, बोलत नाही," कोणी तरी म्हणालं. "कशी बोलेल? पोरच ती." आणि सगळ्यांना हायसं वाटलं, हे मला स्पष्ट दिसलं. बळवंतरावांशी कोणाला वैर नको होतं. पोरीच्या माथी गेलं म्हणजे सगळ्यांचंच निभावलं.

प्रायश्चित्त ठरलं. जेवलेल्यांनी जानवी बदलली, आमच्या घरानं पंचगव्य घेतलं. मला ते आईनं आपल्या हातानं पाजलं. गोमूत्राच्या वासानं मला उलटी येत होती आणि आई माझं डोकं धरून होती, त्या धरण्यात राग नव्हता, म्हणून मी धीर करून म्हणाले, "आई, मी नाही ग आणला." तिनं माझं तोंड पदरानं पुसलं. मग म्हणाली, "ह्यापुढं पिण्याच्या पाण्याला हात लावू नकोस, यमू." एवढंच. ओरडली नाही की मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

बुधला घरातून गेला. पुन्हा घागरीवर चौघडी फडकं, तुरटी, निवळी. टपटप आवाज थांबला आणि घर बहिरं झाल्यासारखं वाटू लागलं. लेल्यांचा निरोप आला, की मुलगी चांगली आहे, पण आमच्याकडं रोज पंक्ती उठतात, तिच्या हातचं पाणी कोण पिणार? कल्याणची विहीर आणि कण्हेर तिथंच राहिली. आठवड्याभरानं तात्यांनी मला पाटी घेऊन बोलावलं, जणू काही झालंच नव्हतं. "म्हण, क्रियापदं म्हण." मी म्हटलं, "आहे. होता. असेल." आणि तिथंच थांबून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते उठून अंगणात गेले. त्यानंतर त्यांनी मला कधी शिकवलं नाही आणि मीही पाटी मागितली नाही. गोपाळसारखं आणखी कोणी जाऊ नये म्हणून ते आईशी कोळशाबद्दल खोटं बोलले, ते मी केव्हाच माफ केलं आहे. आपल्या जागी मला उभं केलं, ते माफ होत नाही. म्हातारपणी माणूस मऊ होतं म्हणतात. मी नाही झाले.

पुढं दोन वर्षं स्थळं येत राहिली आणि परतत राहिली. शेवटी कल्याणच्याच एका बिजवराशी माझं लग्न झालं. माणूस भला होता. ते रोज आगगाडीनं ठाण्याच्या कचेरीत जात, तात्यांच्याच कचेरीत. लग्न झाल्यावर काही दिवसांनी ते मला सहज म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या मेजामागं एक विलायती गाळणं आहे, निळ्या वेलबुट्टीचं. पाणी काय सुरेख येतं!" मी भाकरी भाजत होते. ती तव्यावर करपून कोळसा झाली तरी मला कळलं नाही. घरात आम्ही म्हशी डुंबलेलं पाणी फडक्यातून गाळून पीत होतो आणि ज्या पाण्यापायी माझं नाव बुडालं ते पाणी तात्या कचेरीत रोज पीत होते!

लग्नानंतर आई मला भेटायला यायची. कळव्याची खाडी ओलांडून, मांडीवर फडक्यात बांधलेला पाण्याचा तांब्या सांभाळत. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घेऊ नये, अशी रीतच होती, त्यामुळं सासरी कोणाला त्यात वावगं दिसलं नाही. मीही स्वतःला तेच सांगितलं. मग मला मुलगा झाला. बारशाला आई आली, नातवाच्या गालाला गाल लावून रडली, माझ्या हातचे लाडू तिनं खाल्ले. आणि तहान लागली तेव्हा पिशवीतून तांब्या काढला. सगळ्यांसमोर. मी दुसरीकडं बघितलं. तात्या मात्र आले की दारातूनच "यमू, पाणी" म्हणत आणि माझ्या हातून भांडं घेऊन घटाघटा पीत. पिणारच! त्यांना ठाऊकच होतं. माझी पोरं झाली, त्यांची लग्नं झाली, मला सून आली, तरी आईचा तांब्या सुटला नाही. मी तिच्यावर रागावले नव्हते. तिला तात्यांनी फसवलं, तसंच मलाही फसवलं, आम्ही दोघी एकाच बोटीत बसलोय, असं मी मानत असे. तिला खरं कळलं तर ती धावत येईल, हाच एक दिलासा मी जन्मभर जवळ बाळगला होता. सांगितलं मात्र नाही. तात्या जिवंत असताना तिच्या डोळ्यांसमोर त्यांना खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं.

तात्या गेले. दिवसवार झाले आणि मुलगा नसल्यामुळं आई माझ्याकडं कल्याणला राहायला आली. दुपारची वेळ होती. जेवणं होऊन मी स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून बसले होते, हाताशी पाण्याची घागर, तिच्यावर चौघडी फडकं. आई समोर भिंतीला पाठ लावून वाती वळत होती. तिच्यापाशी तांब्या नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती म्हणाली, "यमू, पाणी दे ग."

मला वाटलं, चुकून म्हणाली. "माझ्या हातचं?"

"तुझ्याच. आता कसली अडचण?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, तो कोळसा मी नव्हता ग आणला. भट्टीवर मी कधी..."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. वात वळायची थांबलीही नाही. "पारू चुनेवालीला मी दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं. ती म्हणाली, 'नाय बाय, तुमची पोर कवा आली नाय आमचे भट्टीव.' आणि तू जाणार तरी कशी? तुला खाडीची वाट तरी ठाऊक होती का? कोळसा विलायतेहून आला तसाच होता, हे मला कळलं होतं."

मग मी विचारलं, "मग इतकी वर्षं...?"

"अग, मी तुझ्या हातचं प्याले असते तर तिकडचं बोलणं खोटं नसतं का पडलं? सगळी आळी माझ्याकडं बघत होती. कल्याणला आले तरी कोणी ना कोणी बघायला असायचंच." डाळीत हिंग किती घालायचा हे सांगावं, तशा आवाजात ती हे म्हणाली. मग वातींचा द्रोण बाजूला सारून तिनं हात पुढं केला. "दे आता. घसा कोरडा पडलाय."

मी उठले नाही. आत सून भांडी आवरत होती, तिला हाक मारली. "आजींना पाणी दे ग."

सून बाहेर आली, माझ्याकडं आणि घागरीकडं बघून हसली. "सासूबाई, अहो, घागर तर तुमच्या हाताशीच आहे."

"असेल," मी म्हटलं. "तू दे."